स्पर्श, घर्षक आणि स्पर्शघर्षक: मराठीतल्या दोन ‘च’चा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: त, स आणि च हे तिन्ही उच्चार जिभेचा पुढचा भाग वर नेऊनच होतात, मग त्यांच्यात नेमका फरक कशाचा? ‘च’ला काही पुस्तकांत स्पर्श म्हटलेले असते, काहींत स्पर्शघर्षक किंवा अर्धस्फोटक. यातले बरोबर कोणते? आणि ‘चूल’मधला च व ‘चिमटा’मधला च वेगळे असतील, तर त्यांना एकच अक्षर का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. देवनागरीची वर्णमाला संस्कृतच्या मापाने बेतलेली आहे आणि संस्कृतात च एकच होता. बाकीच्या प्रश्नांना मात्र जरा वेळ द्यावा लागेल.

व्यंजन म्हणजे फुप्फुसातून येणाऱ्या हवेला वाटेत केलेला अडथळा. अडथळा कुठे होतो ते स्थान. तो किती घट्ट असतो आणि कसा सुटतो, हा प्रयत्न. त, स, च यांच्यातला मुख्य फरक प्रयत्नाचा आहे. ‘त’मध्ये जीभ वरच्या दातांमागे पूर्ण टेकते, हवा थांबते, मागे दाब साठतो आणि जीभ झटक्यात सुटते. म्हणून हा स्पर्श, किंवा सुटण्याकडे पाहून स्फोटक. ‘स’मध्ये वाट पूर्ण बंद होतच नाही. जिभेच्या मध्यावर पन्हळीसारखी अरुंद खाच राहते, तिच्यातून हवा वेगाने दातांवर आदळते आणि खरखर ऐकू येते. हा घर्षक. ‘च’मध्ये आधी स्पर्शासारखी पूर्ण बंदी होते, पण सुटताना जीभ झटकन दूर जात नाही. ती थोडीशीच खाली येते आणि त्याच जागी क्षणभर घर्षकाची फट तयार होते. बंदी आणि घर्षण एकाच जागी, एकाच हालचालीत. हा स्पर्शघर्षक. ‘च’ला निव्वळ स्पर्श म्हणणारी पुस्तके ‘क’पासून ‘म’पर्यंतच्या पंचवीस वर्णांना स्पर्श म्हणणारी जुनी विभागणी पुढे चालवतात. संस्कृत व्याकरणासाठी ती चालते. आजच्या मराठी उच्चाराचे वर्णन करायचे तर स्पर्शघर्षक हीच संज्ञा वापरावी.

ओळखण्याची खूण: घर्षक श्वास पुरेल तोवर लांबवता येतो. ‘स्‌स्‌स्‌’ पाच सेकंद म्हणा, काही बिघडत नाही. स्पर्श लांबवता येत नाही. ‘त्‌’ धरून ठेवला तर नुसती शांतता मिळते. स्पर्शघर्षक लांबवायला गेलात तर तो तुमच्या तोंडात बदलतो, आणि तो कशात बदलतो हेच इथे पाहायचे आहे. ‘चूल’ म्हणायला सुरुवात करा आणि ऊ येऊ न देता च लांबवा: ‘च्‌स्‌स्‌स्‌’. आता ‘चिमटा’चा च तसाच लांबवा: ‘च्‌श्‌श्‌श्‌’. एकाच्या पोटात स आहे, दुसऱ्याच्या पोटात श. मराठीतल्या दोन च मधला फरक जवळजवळ सगळा एवढाच आहे. स आणि श यांत जे अंतर, तेच या दोघांत.

यापुढे ‘चूल’मधल्यासारखा, म्हणजे दंत्य उच्चार नुक्ता (अक्षराखालचे टिंब) देऊन दाखवतो: च़, ज़, झ़. (शाळेच्या व्याकरणात याला दंततालव्यही म्हणतात. बहुतेकांच्या तोंडी जीभ दातांच्या मुळाशी, हिरडीच्या उंचवट्यावर टेकते, म्हणून दंतमूलीय म्हटले तर अधिक काटेकोर.) बिननुक्त्याचे च, ज, झ तालव्य, म्हणजे ‘चिमटा’मधल्यासारखे टाळूवर होणारे. हिंदीत ज़ हे चिन्ह निव्वळ घर्षकासाठी असते, इथे ते तसे वाचू नये.

‘इचुयशानां तालु’ आणि ‘लृतुलसानां दन्ताः’ ही स्थाने सांगणारी जुनी वाक्ये पाहिली, तर च आणि श तालूच्या गटात एकत्र आहेत, त आणि स दातांच्या गटात. मराठीचा च़ मधल्या काळात त-स च्या घरात राहायला गेला, एवढाच बदल. त्यामुळे च़ चे सूत्र त + स आणि च चे सूत्र तालूवरची बंदी + श, असे मांडता येते.

इथे एक रास्त शंका येते. च़ म्हणजे त + स असेल, तर ‘उत्सव’मधला त्स आणि ‘उचल’मधला च़ यांत फरक काय? मराठी छंदशास्त्र याचे उत्तर फुकट देते. ‘उत्सव’च्या मात्रा मोजा: उत्‌ गुरू, स लघु, व लघु, एकूण चार. ‘उचल’ तिन्ही लघु, एकूण तीन. ‘उत्सव’मध्ये त्‌ आधीच्या अक्षराला चिकटतो आणि स पुढच्या अक्षराची सुरुवात करतो. दोन व्यंजने, मध्ये अक्षराची सीमा. ‘उचल’मध्ये बंदी आणि घर्षण दोन्ही पुढच्याच अक्षरात जातात आणि आधीचा उ लघुच राहतो. म्हणजे कान त्याला एकच व्यंजन मोजतो. वृत्तात लिहिणारा कोणीही ‘उचल’च्या उ ला गुरू धरणार नाही. शब्दाच्या सुरुवातीला अक्षराची सीमा नसल्याने हा भेद पुसट होतो. त्यामुळेच ‘त्सुनामी’ लिहिताना जोडाक्षर वापरले, तरी मराठी माणूस तो शब्द बिनदिक्कत ‘चूल’च्या च़ ने म्हणतो, आणि तो उच्चार मूळ जपानीच्या बराच जवळ जातो.

आता कुठे च आणि कुठे च़. इ, ई, ए आणि य यांच्याआधी तालव्य, हा मुख्य नियम. हे स्वर आणि य उच्चारताना जिभेचा पुढचा भाग तालूकडे उचललेला असतो, म्हणून व्यंजनही तिकडे ओढले जाते. ‘चिंच’ हा एकच शब्द पुरे आहे: पहिला च तालव्य, दुसरा दंत्य, चिंच़. त्याला विभक्ती लावा: ‘चिंचेचा कोळ’. आता दुसरा च ए च्या आधी आला, तो तालव्य झाला, आणि प्रत्ययाचा ‘चा’ दंत्य राहिला: चिंचेच़ा. कोणी शिकवलेले नसते, पण मराठी घरात वाढलेले चार वर्षांचे मूलही यात चुकत नाही. भाच़ा–भाची, माझ़ा–माझी, घरच़ा–घरची ही सगळी याच नियमाची लेकरे. बोलीतले ‘माझं’ दंत्य आणि लेखी ‘माझे’ तालव्य, हा फरकही त्यातूनच आला. ‘माझे पुस्तक’ मोठ्याने वाचताना ‘झे’ला दंत्य करणारे वाचक भेटतात. ते मनात ‘माझं’ म्हणत असतात.

हाच खेळ घर्षकांतही चालतो, आणि तिथे तो लिपीत दिसतो. भाच़ा → भाच्याला यात च़ चा च होतो, पण अक्षर तेच राहते. ससा → सशाला, घसा → घशात, पैसा → पैशाला, मासा → माशाला यांत स चा श होतो आणि तो लिहावाही लागतो. मूळ प्रक्रिया एकच. य च्या प्रभावाने दातांजवळचे व्यंजन तालूकडे सरकते. ‘घसात’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला स–श चा नियम वेगळा पाठ करायला लावण्याऐवजी भाचा–भाच्या शेजारी ठेवून दाखवावा, लगेच कळतो.

अ, आ, उ, ऊ, ओ यांच्याआधी अस्सल मराठी शब्दांत बहुतेक वेळा दंत्य असतो: च़व, च़ाक, च़ुलत, च़ूक, च़ोर, ज़ोडा, झ़ाड, झ़ोप. पण इथे नियमापेक्षा शब्दाचा इतिहास अधिक चालतो. तत्सम शब्द तालव्य राहिले: चंद्र, चरण, चक्र, जल, जय. चहा, चष्मा, जादू यांसारखे बाहेरून आलेले शब्द तालव्य. मात्र मूळ फारसी-अरबी शब्दात ज़ असेल तर मराठीत दंत्य: ज़मीन, ज़ोर, बाज़ार, रोज़. ‘जहाज’मध्ये दोन्ही नांदतात, पहिला तालव्य आणि शेवटचा दंत्य, कारण मुळातच ते दोन वेगळे वर्ण होते. चार, चौदा, चाळीस हे देशी शब्द असूनही तालव्य आहेत. जुन्या कागदपत्रांत ‘च्यार’ असे लेखन दिसते, त्यावरून तिथल्या लपलेल्या य चा माग लागतो.

असा दुहेरी साठा झाल्यामुळेच मराठीत केवळ या भेदावर अर्थ बदलणाऱ्या जोड्या आहेत. जग म्हणजे विश्व, आणि ज़ग म्हणजे जिवंत राहा. जात म्हणजे ज्ञाती, आणि ‘तो ज़ात आहे’. जरा म्हणजे म्हातारपण, ज़रा म्हणजे थोडे. चार म्हणजे चार, आणि ‘गुरांना च़ार’. तेव्हा हे दोन च एकाच वर्णाची संदर्भानुसार बदलणारी रूपे आहेत असे म्हणून चालत नाही. आजच्या मराठीत ते स्वतंत्र वर्ण आहेत, फक्त इ-ए च्या आधी त्यांचा भेद बव्हंशी मिटतो. बव्हंशी एवढ्यासाठी की ‘मजेत’, ‘मोजे’ यांत ए पुढे असूनही बहुतेक जण दंत्यच ठेवतात. तेलुगूतही दंत्य च आहे, पण तिथे त्याची वाटणी पुढच्या स्वरावर अधिक काटेकोर बेतलेली आहे. कोकणीतही मराठीप्रमाणे दोन्ही आहेत.

आणि छ? दंत्य छ प्रमाण मराठीत नाही. त्याची जागा रिकामी का, याचे उत्तर पुन्हा प्रयत्नातच आहे. प्राकृतातल्या छ ची बंदी मराठीत सुटली आणि उरले ते नुसते घर्षण. मच्छ चा मासा झाला, वच्छ चे वासरू, कच्छव चा कासव, आणि पुढे इ असल्याने मच्छिआ ची माशी. स्पर्शघर्षकाचा घर्षक झाला. जगभरच्या भाषांत हा बदल वारंवार घडतो, उलटा क्वचित.

तोच बदल आज ज़ मध्ये डोळ्यांसमोर चालू आहे. ‘बाज़ू’, ‘ताज़ा’, ‘माझ़ा’ सावकाश म्हटले तर जीभ टेकते. सहज बोलताना दोन स्वरांच्या मध्ये ती टेकेनाशी होते आणि निव्वळ घोष (स्वरतंतूंच्या कंपासह होणारा) घर्षक उरतो, इंग्रजी ‘झू’तल्या पहिल्या ध्वनीसारखा. अनुनासिकानंतर मात्र तसे सहसा होत नाही: पिंज़रा, झ़ुंज़. कारण ‘न’साठी जीभ आधीच तिथे टेकलेली असते, बंदी आयतीच मिळते. अघोष च़ ची बंदीही टिकते. ‘वाच़ा’चे ‘वासा’ कोणी करत नाही, कारण तिथे तसे केले तर स शी गाठ पडेल आणि अर्थ बुडेल. ज़ ला मराठीत असा स्वतंत्र घर्षक शेजारी नाही, म्हणून त्याला ढिलाई परवडते.

आणखी एक घोटाळा हमखास होतो: महाप्राण आणि घर्षक यांचा. दोन्हीत हवा जास्त सुटते म्हणून ते एकच वाटतात. महाप्राणात जादा हवा गळ्यातून येते, तोंडातली वाट तोवर मोकळी झालेली असते. घर्षकात खरखर अडथळ्याच्या जागीच होते. फ घ्या. ‘फळ’चा पारंपरिक उच्चार ओठ पूर्ण मिटून मग हवेच्या झोतासह उघडण्याचा आहे, म्हणजे तो प + ह असा महाप्राण स्पर्श. ‘फोन’, ‘ऑफिस’मध्ये खालचा ओठ वरच्या दातांना लागतो आणि वाट बंद होत नाही. तो घर्षक. शहरी मराठीत आता ‘फूल’, ‘सफल’ही पुष्कळदा घर्षकाने ऐकू येतात. आरशात पाहावे: ओठ मिटले तर स्पर्श, दात दिसले तर घर्षक. थ चा प्रकार याच्या उलट. इंग्रजी ‘थिंक’चा पहिला ध्वनी घर्षक आहे, आपण तो ‘थाळी’च्या महाप्राण स्पर्शाने म्हणतो. मराठीतली घोष-अघोष, अल्पप्राण-महाप्राण ही चौपदरी रचना लिस्कर आणि अब्रामसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी 1964 साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत आहे. त्यांच्या 11 भाषांत हिंदीबरोबर मराठीही होती. बंदी सुटल्यापासून स्वरतंतू कंप पावू लागेपर्यंतचा वेळ त्यांनी मोजला. अघोष अल्पप्राणात तो अगदी थोडा असतो, महाप्राणात त्याहून कितीतरी अधिक, आणि घोषात कंप बंदी सुटण्याच्या आधीच सुरू होतो.

हे सगळे पडताळून पाहायचे तर तीन मार्ग आहेत. पहिला बिनखर्चाचा: च़ साठी जीभ लावा, सोडू नका, आणि थोडी ढिली करून तोंडाने श्वास आत ओढा. जिथे गार लागेल तिथे फट आहे. च़ ला गारवा दातांमागे आणि जिभेच्या टोकाशी लागतो. च ला तो मागे, हिरडीच्या उंचवट्यापलीकडे आणि जिभेच्या पात्यावर लागतो. टोक त्या वेळी पुष्कळदा खालच्या दातांशी विसावलेले असते.

दुसरा, जिभेचा छाप. औषधी कोळशाची बारीक पूड आणि ऑलिव्ह तेल कालवून काजळासारखे दाट करावे, ब्रशने जिभेच्या टोकाला व पात्याला लावावे, एकदाच शब्द म्हणावा, आणि लगेच लहान आरसा तोंडात धरून टाळूचा फोटो घ्यावा. काळा डाग म्हणजे स्पर्शाची जागा. शब्दाची निवड इथे निर्णायक ठरते. ज्यात दुसरे कुठलेही व्यंजन जीभ टेकवत नाही असाच शब्द हवा, म्हणून ‘चव’ आणि ‘चहा’. ‘चाक’ घेतला तर क चाही छाप मागे उमटू शकतो. ‘भाचा–भाची’ ही जोडी ऐकायला उत्तम, छापासाठी वाईट, कारण ई म्हणताना जिभेच्या कडा टाळूला लागतात आणि डाग पसरतो. प्रत्येक शब्दानंतर चूळ भरून तोंड पुसून घ्यावे, नाहीतर दोन छाप एकमेकांवर चढतात.

तिसरा, ध्वनिलेख. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या बुर्स्मा आणि वेनिंक यांनी केलेले प्रात हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. 44100 हर्ट्झवर मोनो रेकॉर्डिंग करावे, तोंडापासून माइक वीतभर आणि किंचित बाजूला, म्हणजे महाप्राणाचा झोत थेट त्यावर आदळत नाही. स्पेक्ट्रोग्रामची (ध्वनीचे चित्र: आडवा वेळ, उभी कंप्रता) वरची मर्यादा आपोआप 5000 हर्ट्झवर असते, ती 10000 करावी. हे न केल्याने अनेकांना स आणि श सारखेच फिके दिसतात आणि निष्कर्ष चुकतो. आता ‘तास’, ‘पाच’, ‘चिंच’ म्हणा. त: कोरी पट्टी आणि एक बारीक उभी रेघ. स: सलग करडा ठिपक्यांचा पट्टा, आधी कोरी जागा नाही. च़: कोरी पट्टी, रेघ, आणि मागोमाग आखूड पट्टा. च़ च्या पट्ट्याची गर्दी साधारण 4000 हर्ट्झच्या वर असते, च ची 2000–2500 पासूनच सुरू होते. स्त्रिया आणि मुले यांच्यात आकडे वर सरकतात, म्हणून तुलना एकाच माणसाच्या दोन उच्चारांत करावी. जुन्या पद्धतीच्या फोनलाइनवर 3400 हर्ट्झच्या पुढचे काही जातच नाही. तिथे स आणि फ यांची गल्लत होते, आणि फोनवरचे रेकॉर्डिंग या कामाला निरुपयोगी.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये एक गंमत करून पाहण्यासारखी आहे. ‘वासा’चे रेकॉर्डिंग घ्या, स च्या सुरुवातीचा थोडा भाग कापा आणि तिथे 60–80 मिलिसेकंदांची निव्वळ शांतता भरा. ऐकणाऱ्याला ते ‘वाच़ा’कडे झुकलेले वाटते. त चा एक कणही त्यात घातलेला नाही.

अमराठी माणसाला, विशेषतः हिंदीभाषकाला, च़ शिकवायचा तर ‘उत्सव’पासून सुरुवात करावी. तो शब्द त्याला येतोच. आधी ‘उत्‌–सव’ सावकाश, मग ‘उ–त्सव’ अशी फोड बदलून, मग उ गाळून ‘त्सव’. एवढ्यात ‘च़व’ तयार झालेला असतो. त्यानंतर च़ाक, च़ोर, च़ूक. ‘चि’, ‘चे’ मुद्दाम घेऊ नयेत. चुका ठरलेल्या आहेत. ‘तसव’ असे दोन तुकडे ऐकू आले तर त आणि स च्या मध्ये स्वर शिरतोय: जीभ त ला पूर्ण सोडून पुन्हा वर जातेय. ‘सव’ ऐकू आले तर बंदीच होत नाही: आधी क्षणभर थांबायला सांगावे. जुना तालव्यच येत राहिला तर जिभेचा मधला भाग उचललेला आहे: टोक दातांमागे टेकवून बाकीची जीभ सपाट ठेवायला सांगावी. च़ जमला की ज़ साठी नुसता घोष जोडायचा. झ़ शेवटी, कारण त्यात तिन्ही गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. ‘माझा’चे ‘माजा’ हे त्यामुळेच सर्वांत उशिरा सुटते.

मराठी माणसाची अडचण दुसऱ्या टोकाला आहे. इंग्रजी ‘झेड’चा ध्वनी आपण झ ने लिहितो (झेरॉक्स, झूम) आणि मग वाचताना त्यात बंदीही घालतो, महाप्राणही. मूळ ध्वनी या दोन्हींशिवायचा आहे. स लांबवत धरा, जीभ हलू न देता गळ्यातून आवाज सुरू करा, झाले. ‘मेझर’, ‘व्हिजन’ यांच्या मधला ध्वनीही याच रीतीने मिळतो, फक्त सुरुवात श पासून करायची. कंठावर बोट ठेवले तर आवाज कधी सुरू झाला ते थरथरीवरून कळते, आणि घर्षण मध्येच तुटले तर समजावे की जीभ सवयीने जाऊन टेकली.